गुलाबाच्या पावडरचा वास

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी प्लास्टरमामांनी करवत बंद केली आणि छोट्या चिमणीच्या प्लास्टरमधल्या पायाजवळ नाक नेलं.

मुलांच्या हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालण्यात आणि कापण्यातच त्यांची हयात गेली. जन्मतः आत वळलेला पाय ऑपरेशन करून सरळ केला की वर प्लास्टर चढतं. आतली जखम दिसत नाही, म्हणून मामा हुंगतात. घाण वास आला की प्लास्टर लगेच उघडायचं. मुलं त्यांना 'हुंग्यामामा' म्हणतात, तेही तोंडावर.

"हुंग्यामामा, छान वास येतोय ना?" चिमणी म्हणाली.

येत होता. गुलाबाच्या पावडरचा. मागच्या खेपेलाही आला होता, आणि मामा खूश होऊन चिमणीच्या आईकडे बोट दाखवत बाकावरच्या बायांना म्हणाले होते, "लेकरू कसं ठेवावं, ते ह्या ताईंकडून शिका."

"ताई, पावडर कुठे लावता?"

"प्लास्टरच्या आतच टाकते. वास मारायला लागला होता. म्हटलं, तुम्ही काय म्हणाल!"

"रडते का?"

"आधी घर डोक्यावर घ्यायची. आता कशी शहाण्यासारखी शांत असते."

मामांनी प्लास्टर फाकवलं, कापूस सोडवला. टाचेच्या आतल्या बाजूला पावडरचा ओला लगदा होता. तो पुसल्यावर टाक्यांच्या कडेची कातडी काळी दिसली.

डॉक्टरीणबाई आल्या. "चिमणे, बोटं हलव बघू."

अंगठा हलला. बाकीची बोटं उशिरा.

"पाय ताणून धरला की कातडीला रक्त पोचत नाही. ती मरते आणि दुखायचंही थांबतं," त्या आईला म्हणाल्या. "थोडा सैल सोडू. आधी जखम, मग पाय. रोज ड्रेसिंग. काळं पसरलं, तर पुन्हा ऑपरेशन."

"मग पाय परत वाकडा होईल?"

"आज सांगता येत नाही."

आई मामांकडे वळली. "तुम्हीच म्हणालात ना, छान ठेवलंय म्हणून?"

"म्हणालो खरा."

पुढच्या मुलाला बोलवायला मामांनी दार उघडलं. बाकावर चार आया प्लास्टरवाली मुलं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सगळा बोळ गुलाबाने घमघमत होता. एकही मूल रडत नव्हतं.

"कोणी घरी जायचं नाही," मामा म्हणाले आणि त्यांनी करवतीची पिन पुन्हा लावली.

उद्या ड्रेसिंगची खोली साडेआठला उघडेल. पहिला नंबर चिमणीचा आहे.