मंडळीची माफी

ओझेला क्रूम फारशी बोलत नाही, हे आमच्या अलाबामाच्या कापूसपट्ट्यातल्या काळ्या वस्तीत सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. तिला बोलायची गरजच काय, म्हणायचे लोक. तिच्या वाटणीचंही तिचा नवरा रॉस्को बोलतो की! आणि बोलायचाही. दुकानात कुणी तिची तब्येत विचारली, तर तोच उत्तर द्यायचा, "ठणठणीत आहे." अंगात ताप असला तरी ठणठणीत. ती गोऱ्यांचे कपडे धुवायची, अंगणात लोखंडी हंड्यात उकळायची आणि त्या वाफेत दिवसभर गुणगुणायची. त्या गुणगुणण्याला शब्द नसायचे.

रॉस्को आमच्या माउंट नेबो चर्चच्या मंडळीतला थोरला डीकन, म्हणजे धर्मगुरूंच्या, आमच्या पाळकांच्या, खालोखालचा मानकरी. प्रार्थनेला उभा राहिला की म्हाताऱ्या बायकांचे डोळे भरून यायचे. देवानं गळा दिला होता, खोटं कशाला बोला! घरी मात्र त्याचं एकच पालुपद: मी पदरात घेतली म्हणून तुला नाव मिळालं, नाहीतर कुत्रं विचारत नव्हतं.

त्याचं असं होतं, की ओझेला लग्नाआधीच गरोदर राहिली होती. आमच्यात अशा मुलीला मंडळीपुढे उभं राहून माफी मागावी लागे. नाही मागितली तर मंडळीच्या वहीतून नाव कमी. आणि नाव कमी झालं की घरच्या मयतालाही कुणी फिरकायचं नाही. आणि मूल ज्याचं, तो? तो बाकावर बसून आमेन म्हणायचा. त्याला कोण विचारतंय! ओझेलानं माफी मागितली, पण बाप कोण ते सांगितलं नाही. रॉस्कोनंच गळ घातली होती, माझं नाव घेऊ नकोस, मी लग्न करतो. लग्न केलं खरं. मूल काही जगलं नाही. आणि रॉस्को मात्र मोठ्या मनाचा माणूस म्हणून गावभर मिरवला. दुसऱ्याचं पाप पदरात घेतलं म्हणे! ओझेलानं तेही गिळलं.

तिची भाची व्हर्ली, बहीण गेल्यापासून तिच्याकडेच वाढलेली. त्या वर्षी कापूस वेचता वेचता व्हर्लीचं पोट दिसायला लागलं. मुलाचा बाप कोण ते सगळ्यांना माहीत होतं. पाळकांचाच पुतण्या. दर रविवारी पांढरा सदरा घालून गायकांच्या रांगेत उभा! पाळकांनी शनिवारी सभा ठेवली, व्हर्लीनं माफी मागावी म्हणून.

सभेच्या आदल्या दिवशी दोघी कपडे वाळत घालत होत्या. व्हर्ली म्हणाली, "मावशी, मी उभी राहीन. पण काय बोलायचं ते मला सुचत नाही गं. तू काय म्हणाली होतीस?"

ओझेलाला ते शब्द न् शब्द पाठ होते. सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि पोरीच्या चेहऱ्याकडे बघून तिला ते सांगवेनात. ती ओली चादर तशीच हातात धरून रडली.

सभेत व्हर्ली पुढे उभी राहिली. कुणाला काही बोलायचंय का, असं रीतीप्रमाणे रॉस्कोनं विचारलं. विचारायचं म्हणून विचारतात, त्यावर कधी कुणी बोलत नाही. ओझेला उठली. रॉस्को हसून मंडळीला म्हणाला, हिला आज बरं वाटत नाहीये.

"मी ठणठणीत आहे," ओझेला म्हणाली. "ही पोर उभी आहे तिथेच मी उभी होते. माझ्या पोटातलं मूल रॉस्कोचं होतं. तो दुसऱ्या बाकावर बसला होता, आणि आमेन सगळ्यांत मोठ्यानं त्यानंच म्हटलं. मला वाटलं, देवाला माहीत आहे, तेवढं पुरे. नाही पुरत. ही एकटी माफी मागणार नाही. मागायचीच असेल तर त्या पोरालाही आणा इथं."

पुतण्यानं मान खाली घातली. मागच्या बाकावरून डायसी आजी हळूच म्हणाली, "बोल बाई, बोल."

पाळकांनी गोड आवाजात समजावलं, ओझेलाबाई, जुनं कशाला उकरता, मंडळीनं तुम्हाला तेव्हाच माफ केलंय.

"मग मी मागितलेली माफी परत घेते," ओझेला म्हणाली. "मला नको ती."

असलं काही आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. पाळकांचा पारा चढला. मावशी आणि भाची, दोघींची नावं कमी करायची, ते म्हणाले. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा.

रॉस्कोचा हात सगळ्यांत आधी वर गेला. त्याच्या मागून काही पुरुषांचे हात उठले, मग त्यांची नजर बायकांच्या बाकांकडे गेली. बायकांचे हात मांडीवरून हलले नव्हते. तेव्हा पुरुषांचेही एकेक करून खाली आले. रॉस्कोचा तेवढा राहिला.

घरी तो हात असा उठला की ओझेला तोंड फिरवून डोळे मिटून घ्यायची. इतकी वर्षं हे मंडळीत कुणाला ठाऊक नव्हतं. आज तिनं तोंड फिरवलं नाही. सगळ्यांदेखत ती त्या हाताकडे बघत उभी राहिली, तो खाली येईपर्यंत.