बाबांचं ‘ओव्हर’

माझे बाबा वणीजवळच्या एका कोळसा खाणीत वायरलेस सेटवर होते. उघडी खाण, खाली डंपर, वर केबिनमध्ये बाबा, आणि सगळ्यांना मिळून एकच चॅनेल. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं तर कुणाचंच कळत नाही, नुसती शिट्टी वाजते. म्हणून बाबांचा नियम कडक होता: समोरचा ‘ओव्हर’ म्हणाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. सुरुंग उडवण्याआधी माणसं बाजूला झाली का, हे त्याच चॅनेलवर विचारलं जायचं, त्यामुळे यात थट्टेला जागा नव्हती.

घरीही तोच खाक्या. आई काही सांगत असली की बाबा तिच्या तोंडाकडे बघत थांबायचे. तिचं सांगून संपलं तरी थांबायचे. मग आई वैतागून म्हणायची, “झालं माह्यं. ओव्हर! बोला आता.” आई गेली आणि त्या घरात ‘ओव्हर’ म्हणणारं कुणी राहिलं नाही.

मी यवतमाळला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. माझ्या पीएचडीचा विषय ऐकून बाबा खूश झाले होते, कारण तो त्यांचाच धंदा निघाला. एका मोबाइल टॉवरच्या हद्दीत ढीगभर यंत्रं असतात आणि कुणी कधी बोलावं हे आधी ठरलेलं नसतं. दोघं एकदम बोलली की धडक होते. मग दोघांनी गप्प व्हायचं, आपापल्या मनाशी एक आकडा काढायचा आणि तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलायचं. पुन्हा धडक झाली तर थांबण्याची मुदत दुपटीनं वाढवायची. माझी यंत्रं त्यातली पुढची, फुल-डुप्लेक्स, म्हणजे बोलता बोलता ऐकू शकणारी.

“बोलून राह्यलो तवाच दुसऱ्याचं ऐकू येते?” बाबांनी विचारलं होतं. “मंग अडचण कायची हाये?”

“आपल्याच आवाजाची, बाबा. तो कानाशी एवढा मोठा असते, का लांबचा बारीक आवाज त्यात दबून जाते. आधी आपला आवाज वजा करा लागते.”

“कठीण हाये मंग,” ते म्हणाले. त्या वजाबाकीवर मी सहा वर्षं घालवली आणि तिचा मला भारी अभिमान होता.

एकदा स्टाफरूममध्ये फोन स्पीकरवर होता. बाबा वाक्य संपवून ठणठणीत आवाजात ‘ओव्हर’ म्हणाले आणि सगळे खो खो हसले. मी बाहेर येऊन त्यांना झापलं. “फोन म्हणजे वायरलेस नाही, बाबा. दोघं एकदम बोलू शकतो. ते ओव्हर-बिवर बंद करा.” त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. पण माझ्या ‘ओव्हर’ची वाट बघणं त्यांनी बंद केलं नव्हतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

नंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, जीभ मात्र जड झाली. “चला माझ्याकडे,” मी म्हटलं, तर “मी इथंच बरा” म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. दोन खोल्यांचं घर, दिवसभर कॉलेज, आणि मुळात माझा स्वभाव चिडका.

त्याऐवजी मी रोज संध्याकाळी फोन करायची. गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरांच्या सूचना ते विसरायचे, म्हणून त्यांच्या फोनवर बोलणं आपोआप रेकॉर्ड होईल अशी सोय मीच करून दिली होती. मला शांतता सहन होत नाही. ते गप्प झाले की त्यांचं बोलणं संपलं असं धरून मी विद्यार्थ्यांबद्दल, परीक्षांबद्दल, माझ्या पेपरबद्दल बोलत सुटायची. रोज फोन करणारी मुलगी म्हणून मी स्वतःवर खूश होते.

दुसरा झटका हिवाळ्यात आला, सकाळी, चहाच्या वेळी. मी वणीला पोचेपर्यंत ते गेले होते.

सगळं आटोपल्यावर शेजारच्या काकूंनी खाटेखालची बॅग दाखवली. “दिवाळीपासून भरून ठेवली होती त्याईनं. पोरीकडं जातो म्हणे. तुले सांगतलं नाही काय?” बॅगेत तीन सदरे, दाढीचं सामान, गोळ्या आणि आईचा फोटो होता. मला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. मी काकूंवर उगाच खेकसले, आणि त्या गेल्यावर बाबांचा फोन घेऊन खाटेवर बसले.

दिवाळीनंतरची रेकॉर्डिंगं ऐकली. प्रत्येकात मीच होते. “बाई, मी...” असं ते सुरू करतात, त्याच क्षणी माझं “आणि गोळ्या?” येतं. ते थांबतात. मी श्वास घ्यायला थांबते तेव्हा “माह्यं एक...” म्हणतात, नेमकं त्याच वेळी माझं पुढचं सुरू होतं. पुन्हा थांबतात, आता जरा जास्त वेळ. मग त्याहून जास्त. हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. बापाच्या तोंडून ऐकताना मला ते ओळखू आलं आणि मी हमसून हमसून रडले.

शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी नियम मोडला. माझं बोलणं चालू असताना, आयुष्यात पहिल्यांदा, ते मध्येच बोलले. रेकॉर्डिंगमध्ये दोघांचेही आवाज आहेत. माझा मोठा आहे: “तुमाले काही तिथून हलवत नाही कोणी. तुमाले तिथंच करमते, मले माहीत हाये.” त्याच्या खाली त्यांचा, जड जिभेचा: “मले घेऊन चाल, बाई. एकटं नाही राह्यवत.”

मी तशीच पुढे परीक्षांबद्दल बोलत राहते. मग ते म्हणतात, “बरं. ओव्हर.”

आणि मी हसते. ते हसणं अगदी स्वच्छ ऐकू येतं.