शेवटच्या बांधीचं पाणी

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा मेसेज आला तेव्हा मी अकरावीचे पेपर तपासत होते. ग्रंथालयानं संशोधनाचे नवे ऑनलाइन डेटाबेस घेतले आहेत, पीएच.डी. करणाऱ्यांना ते घरबसल्या वापरता येतील, पासवर्ड मेलवर पाठवला आहे, असं त्यात होतं. मी तो दोनदा वाचला आणि पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला.

मी गोंदियातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. बेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला नाव घातलं, आता सेहेचाळीस सुरू आहे. एकेका लेखासाठी पहाटेची गाडी पकडून विद्यापीठ गाठायचं, दोन पानं झेरॉक्स करून संध्याकाळी परत यायचं, हे मी तीन वर्षं केलं. स्टाफरूममध्ये सगळे विचारायचे, "मॅडम, रिटायरमेंट के पहले हो जाएगा ना?" त्यांना मी काय उत्तर द्यायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा स्वभाव तापट आहे, आणि चार वर्षांत तो काही निवला नव्हता.

माझा विषय आमच्या भागातले जुने गावतलाव, म्हणजे त्यांच्या पाण्याचं वाटप. तो मला शोधावा लागला नाही. आम्ही कोहळी. तलाव बांधणारे म्हणून आमच्या लोकांची ओळख आहे, आणि ती आम्ही कोणाला विसरू देत नाही. लग्नाच्या पंगतीत दोन म्हातारे शेजारी बसले की भात वाढून होईपर्यंत पणजोबांचे तलाव निघालेले असतात. त्यात माझे बाबा नवेगाव बांधकडच्या आमच्या गावात पंधरा-वीस वर्षं पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी सोडायचं ते पाणकर बघतो. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं शेत, चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेलं.

पहिल्या दिवशी मी इंग्रजीत नुसतं 'टँक' टाइप केलं आणि देशोदेशीचे रणगाडे निघाले. चिडून लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांना फोन केला. त्यांनी जराही न हसता सांगितलं, की एकच शब्द टाकू नका, सोबत सिंचन, गाव, धान असे शब्द जोडा. आणि आपला जिल्हा आधी भंडाऱ्यात होता, तेव्हा तेही नाव टाकून बघा. मी तसं केलं, आणि चौथ्या की पाचव्या लेखात मला माझं गाव दिसलं.

लेखात गावाचं नाव नव्हतं. पण तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, देवळीपुढचा कान तुटलेला मातीचा घोडा होता, आणि तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दगडी तोंड, मोहाच्या दोन झाडांच्या मधे होतं. असं दुसरं गाव मला तरी ठाऊक नाही. लेख पंचवीसेक वर्षांपूर्वीचा. तेव्हा मी हॉस्टेलवर होते, त्यामुळे कोणी संशोधक आपल्या गावात येऊन गेल्याचा मला पत्ताच नव्हता. लेखाचं म्हणणं असं, की पाणी कमी पडलं की या गावात सगळ्यात शेवटच्या बांधीला आधी पाणी देतात, मग उलट वर येत तलावाजवळच्या बांध्यांना. आणि हे सांगणारा 'पाण्याचं वाटप पाहणारा एक अनुभवी शेतकरी'. म्हणजे माझे बाबा! मी घरात एकटीच होते, तरी मोठ्यानं ओरडले. डेटाबेसमध्ये लेखाखाली त्याचा आधार घेणाऱ्या पुढच्या लेखांची यादी होती. ती खाली सरकवता सरकवता माझी मान ताठ होत गेली. जगभरातल्या लोकांनी माझ्या बाबांचं म्हणणं धरून लिहिलं होतं, आणि मी त्यांच्याच पोटची पोर झेरॉक्सच्या रांगेत उभी होते.

महिनाभरात मी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. हाच तुझ्या प्रबंधाचा गाभा, म्हणाल्या. पुढच्या रविवारी ते बाबांना वाचून दाखवायला मी गावी गेले.

बाबा ओसरीवर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसले होते. मी इंग्रजीतलं एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत गेले. घोडा आला तेव्हा ते हसले. शेवटच्या बांधीचं वाक्य आलं आणि त्यांचे हात थांबले.

"तसा नोता," ते म्हणाले.

"काय तसं नव्हतं?"

"शेवटच्या बांधीले पयले पानी. आपल्या गावात तसा कदीच नोता."

"मग या माणसाला कोणी सांगितलं?"

"मीच सांगतलो."

मी लॅपटॉप खाली ठेवला. बाबा सोललेल्या दाण्यांकडे बघत बोलले. "त्याच्या आदल्या साली पानी कमी होता. धान निसवून रायला होता. वरच्या बांध्या पयले भरल्या, आपल्याबी भरल्या. शेवटच्या बांधीचा नंबर आला तवा वरचे लोक म्हनाले, आता पानी राहू द्या, आपल्याले अखिन एक डाव लागन. मी तुडुम बंद केलो. त्या बांधीवाल्या काकीचा धान उभ्यानं वाळला. दुसऱ्या साली तो पोरगा आला वही घेऊन. इचारला, पानी कमी असला का पयले कोनाले देता? मले तिचीच बांधी दिसली. मी म्हनलो, शेवटच्याले."

"पण काऊन, बाबा?" रागावले की माझी कॉलेजातली भाषा गळून पडते, 'का'चं 'काऊन' होतं.

"तो लिवून घेऊन रायला होता. मले वाटला, लिवलेला तरी बरोबर असावा."

मी त्यांना खूप बोलले. चार वर्षं मातीत घातलीत म्हणाले, आत्ताच बरं आठवलं म्हणाले. ते खाली बघत शेंगा सोलत राहिले. गोंदियाला परतेपर्यंत मला स्वतःची लाज वाटू लागली होती, पण फोन मी बाबांना नाही केला, मार्गदर्शक मॅडमना केला.

"छापलेल्या लेखासमोर तुझ्या वडिलांचं तोंडी बोलणं टिकणार नाही," त्या म्हणाल्या. "आधार काय?"

"मॅडम, त्या लेखाचाही आधार माझे वडीलच आहेत."

त्या म्हणाल्या, "ज्या बाईचं धान वाळलं तिला विचार. ती बोलली तर लिही. पण प्रकरण मुळापासून नव्यानं लिहावं लागेल, आणि मिळालेली मुदतवाढ शेवटची आहे, एवढं लक्षात ठेव."

खरं सांगते, मी गप्प बसायचं ठरवलं होतं. कोणाला कळणार होतं? बाबांची लाज झाकली जात होती आणि माझी पदवी मिळत होती. शिवाय लेख तपासून, छापून, पासवर्डच्या कुलपात ठेवलेला. एका माणसानं खोटं सांगितलं ते ज्ञान ठरलं होतं, आणि तोच माणूस आता खरं सांगतो तर त्याच्याकडे पुरावा मागितला जात होता. यात माझा काय दोष, असं मी स्वतःला आठवडाभर समजावलं.

मग एका दुपारी, नुसता चाळा म्हणून, मी त्या यादीतला सगळ्यात अलीकडचा लेख उघडला. त्यात लिहिलं होतं, की पूर्व विदर्भातल्या तलावांवर शेवटच्या शेतकऱ्यासाठी वेगळा नियम करायची गरज नाही. त्याची काळजी परंपराच घेते. आधार म्हणून खाली बाबांचं म्हणणं असलेला तोच जुना लेख होता. मी तो परिच्छेद तीन-चार वेळा वाचला. अशा कितीतरी शेवटच्या बांध्यांच्या वाट्याचं पाणी माझ्या बाबांच्या एका वाक्यानं अडवलं जाईल, असं मला वाटलं.

मी बाबांना फोन लावला. "काकीकडे जायचं?" एवढंच विचारलं. "ये," ते म्हणाले.

काकी म्हणजे शेवटच्या बांधीची मालकीण. तेव्हा विधवा होऊन तिला दोन वर्षं झाली होती, आता पंच्याहत्तरीची. तिचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिनं खाट टाकली, बाबा टेकले, मी वही काढली आणि अगदी शिकवल्यासारखा प्रश्न विचारला, "काकी, पाणी कमी पडलं की तुमच्या बांधीला केव्हा मिळायचं?"

तिनं बाबांकडे बघितलं. "आमालेच पयले मिळे वो. भाऊ चांगले होते ना."

माझा पेन तिथेच थांबला. ज्याच्याबद्दल विचारायचं त्याला समोर बसवू नये, हे मी दर वर्षी वर्गात घसा कोरडा करून सांगते. आणि इथे मी स्वतः पाणकराला खाटेवर बसवून त्याच्याच पाण्याबद्दल विचारत होते. म्हणजे आता खोट्याला दोन साक्षीदार झाले होते, आणि दुसरा माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात.

"खोटी नको बोलू, वयनी," बाबा म्हणाले. "मी तुडुम बंद केलो होतो. तुहा धान माह्यानं वाळला. तेच सांगाले आलो."

काकीनं दारातून आमच्या घराकडे बघितलं. मग म्हणाली, "येवढा जवळ घर आहे माहा. पंचवीस वर्सं लागली तुमाले?"

बाबा खाटेवरून उतरून खाली जमिनीवर बसले. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ती माझ्याकडे वळून सलग बोलली. चार दिवस ती पाळीवर जाऊन बसली होती. भांडली नाही, कारण ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्याच शेतात तिला मजुरीला जायचं होतं. पाचव्या दिवशी तिनं धान कापून बैलापुढे टाकलं. त्या साली घरात खायला नव्हतं म्हणून धाकट्या पोरीला सालेकशाकडे मामाच्या घरी पोचवून आली. एका सालासाठी नेलेली पोरगी तिकडेच लहानाची मोठी झाली. "आता येते तं पाहुणीवानी येते," काकी म्हणाली. मी लिहीत राहिले. हॉस्टेलवरून सुट्टीत आले की त्या पोरीला मी खेळवायची, आणि ती गावातून का गेली हे मी कधी विचारलं नव्हतं.

शेवटी विद्यापीठाचा संमतीचा फॉर्म वाचून दाखवायचा होता. 'माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जाईल,' मी वाचलं.

"नाव लपवाचा कायले?" काकी एकदम म्हणाली. "धान माहा वाळला. मी का चोरी केली?"

मी तिचं नाव लिहिलं. तिनं जपून, एकेक अक्षर जोडत सही केली.

"माहाबी लिव," बाबा म्हणाले.

"बाबा, हे सगळ्यांना दिसेल. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयातून कॉम्प्युटरवर चढतो. कुठूनही, कोणीही वाचेल. मग तो काढता येणार नाही."

"खोटा दिसत होताच ना येवढे दिवस."

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. बाबांनी माझ्या हातातून पेन घेतला, दुसऱ्या फॉर्मवरची नाव गुप्त ठेवण्याची ओळ खोडली, आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट.