हिरव्या चादरींचा चढ

ऑपरेशनच्या टेबलावर मी आडवी झाले आणि माझंच वजन माझ्या छातीवर बसलं. "एवढ्या जाड मानेत श्वासाची नळी जायची कशी?" डोक्यामागे कुणीतरी पुटपुटलं. सवयीने मी म्हणाले, "सॉरी डॉक्टर, माझ्यामुळे तुम्हाला त्रास."

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. "अजून चादरी आणा," त्या म्हणाल्या. घडी घातलेल्या हिरव्या चादरी माझ्या पाठीखाली, खांद्यांखाली, डोक्याखाली चढत गेल्या. "कान आणि छातीचं हाड एका पातळीत आलं, की नळीला वाट दिसते. आता बरं वाटतंय?"

श्वास मोकळा झाला होता.

आधी बारीक हो, हे मला आजवर शिंप्याने सांगितलं, बसमधल्या अनोळखी बायकांनी सांगितलं, सख्ख्या मावशीने तर येता-जाता. मला आहे तशी ठेवून टेबल बदलणारं माणूस मात्र मला पहिल्यांदाच भेटलं. जागा व्यापण्यात माफी मागण्यासारखं काय असतं?

परवा एका लग्नात हात असलेली प्लास्टिकची खुर्ची मला अरुंद झाली. मावशी गालात हसली.

"दुसरी खुर्ची आणा," मी म्हणाले, आणि ती येईपर्यंत मांडवाच्या मधोमध उभी राहिले.