पंच्याण्णव साल कुणाचं?

दसरा झाला आणि आठव्या दिवशी ट्रक आला. तिसगावच्या बाहेर, पाथर्डीच्या रस्त्याला उभा राहिला. त्यात बारा घरांची भांडीकुंडी चढली, गोधड्या चढल्या, शेळ्या चढल्या आणि मग माणसं. अण्णा, आई, आईच्या काखेत आमचा वर्षाचा भाऊ आणि सगळ्यांत शेवटी माझी बहीण कमल. मी तिला आक्का म्हणते. मी चढले नाही. मी थोरल्या चुलतीच्या घरात गोधडी पांघरून पडले होते, कारण मला ताप होता. म्हणजे नव्हता. काखेत कांदा दाबून धरून आणलेला ताप होता तो.

आईअण्णा दर वर्षी कोल्हारकडं ऊस तोडायला जायचे. त्या वर्षी भाऊ लहान होता, म्हणून अण्णा दोन दिवस घोकत होते, "दोघींतली एक संगं पायजे. पोराला कोन बघनार, भाकरी कोन टाकनार? मुकादम कुनासाठी थांबत न्हाई." कोण जाणार ते ठरत नव्हतं. सकाळी चुलतीनं माझ्या कपाळाला हात लावला, "पोरगी तापलीया" म्हणाली आणि ठरलं. आक्कानं दप्तर खुंटीला अडकवलं आणि निघाली.

ते पंच्याण्णव साल होतं. आम्ही दोघी नववीत, एकाच वर्गात. ती माझ्याहून दीड वर्षानं मोठी, पण एकीला दुसरीची सोबत म्हणून अण्णांनी दोघींना एकाच दिवशी शाळेत नेऊन बसवलं होतं. आक्का पहिल्या पाचांत असायची. मी कुठंतरी मधे. आणि शाळेत राहिले मी. पुढं दहावी झाले, नगरला बारावी, पुण्याला नर्सिंग, आणि आता सोळा वर्षं मस्कतला एका हॉस्पिटलात आहे. ती कोयत्यावर गेली ती गेलीच. नवराही कोयत्यावरचाच मिळाला. गुडघे गेले तेव्हा थांबली. आता तिसगावात घरोघर टोपलं घेऊन भाजी विकते.

कांद्याचं मी तिला तिच्या लग्नानंतर सांगितलं. पाय धरायच्या तयारीनं गेले होते. ती भाकरी थापता थापता हसली आणि म्हणाली, "कांद्याचा वास लपतो व्हय गं?" म्हणजे ट्रकमध्ये चढताना तिला माहीत होतं. भांडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. हसली. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

तर तिसगावात राहिलेल्यांनो, पुण्याला, चाकणला, सुरतेला गेलेल्यांनो, आपल्या दहावीच्या ग्रुपवाल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. माझं डोकं फिरलेलं आहे आणि ते का फिरलं आहे हे तुम्हाला एकदा नीट सांगायचं आहे.

जानेवारीत गेट-टुगेदर ठरलं. विलासनं पुढाकार घेतला. त्याचं स्टँडजवळ मोबाईलचं दुकान आहे, वेळ आहे, उत्साहही आहे. त्यानं ग्रुपवर टाकलं की शाळेच्या पटांगणात मोठा पडदा लावू आणि आपल्या काळातला एक पिक्चर बघू. कुठल्या वर्षातला? नव्वद ते नव्याण्णव, सगळ्यांत भारी वर्ष कोणतं, मत द्या. झालं! तीन दिवस ग्रुप पेटला. कुणी गाण्यांवरून भांडतंय, कुणी मारामारीवरून. चाकणच्या गणेशनं वर्षवार यादीच टाकली, त्याच्या कंपनीत इन्व्हेंटरीची यादी करतात तशी. पुण्याच्या शोभानं लिहिलं की पंच्याण्णव म्हणजे पंच्याण्णव, तसा रोमान्स पुन्हा झाला नाही. अगं बाई, तुझा त्या वेळचा रोमान्स सायकलमध्ये हवा भरण्यापलीकडं गेला नव्हता, मला विचार. पण वाचायला मजा येत होती हे खोटं कशाला बोलू? माझा शुक्रवारचा ऑफ होता, मी चहाचा मग घेऊन गॅलरीत बसून एकटीच हसत होते.

तेवढ्यात आक्काचा व्हिडिओ कॉल आला. "कशाला दात काढतीस एकटीच?" मी सांगितलं. ती एकदम गंभीर झाली. पिक्चर म्हटलं की ती अशीच होते. "चौऱ्यान्नव," म्हणाली. मी म्हटलं, सगळे पंच्याण्णव म्हणताहेत. "म्हनू दे. पंच्यान्नवचे पिक्चर पंच्यान्नवला बघितले कोनी? आपल्याकडं जत्रेत तंबू यायचा, त्यात पिक्चर यायचे दोन दोन वर्सं जुने. मी पयल्या खेपंला ऊस तोडून आले, तवा तंबूत चौऱ्यान्नवचे लागल्ते. चार दिस, चार पिक्चर. लई भारी. फुडच्या सालाला फडावर, पाचटाच्या कोपीत, दुसरं काय हुतं? रोज सांजच्याला बायकांना त्येच सांगायची मी, डायलॉगसकट."

मग म्हणाली, "मला बी घे की त्या ग्रुपात. मी बी वर्गातलीच हाय. जानेवारीत मी बी यीन."

इतकी साधी गोष्ट. माझ्या बहिणीला ग्रुपमध्ये यायचं होतं आणि गेट-टुगेदरला यायचं होतं. तिनं माझ्याकडं आयुष्यात काही मागितलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, एवढंच ना, आत्ता घेते. ॲडमिन विलास होता, म्हणून आधी तिचं मत तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेऊन ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, कमलला ॲड करा रे.

तिनं त्यात वर्ष सांगितलं, कारण सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "त्यो डावखुरा हिरो, डाव्या हातानं पिस्तूल मारायचा, त्योच पिक्चर लावा."

आणि तुम्ही हसलात. पडून पडून हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. "डावखुरा? कुठला डुप्लिकेट पाहिला ताईंनी?" "ऊस खाऊन चढली असंल." हे लिहिणाऱ्याचं नाव मी घेत नाही, त्याला स्वतःला माहीत आहे. मी पटकन लिहायला घेतलं की होता तो डावखुरा, मीसुद्धा पाहिलाय. आणि पाठवायच्या आधी खात्री म्हणून फोनवर तो पिक्चर उघडला. पिस्तूल उजव्या हातात होतं.

दहा मिनिटं मी ते दृश्य पुढं-मागं करत बसले. घड्याळ उलट्या हातात, नायिकेचा भांग उलट्या बाजूला, बंगल्याचा जिना उलटीकडं. आमच्या दोघींच्या डोक्यात सगळंच उलटं कसं? आणि मग कळलं. आम्ही पडद्यामागं बसायचो! तंबूत पडदा मधे असायचा. मशीनच्या बाजूला गावातली मंडळी, आणि पडद्याच्या मागं निम्म्या तिकिटात आम्ही, वस्तीवरची, कोयत्यावरून आलेली. पातळ कापड, पलीकडून सगळं दिसायचं, फक्त डावं उजवं व्हायचं. नावंसुद्धा उलटी यायची. आम्ही ती सोडून द्यायचो, पण आक्का ती उलटी अक्षरं घडाघडा वाचून दाखवायची आणि बायका तोंडाला पदर लावून तिच्याकडं बघायच्या. शाळा सुटलेली मुलगी होती ती तेव्हा.

तळपायाची आग मस्तकाला गेली. मी मस्कतच्या मॉलमध्ये पाय लांब करून बसता येईल अशा खुर्चीत पिक्चर बघते, पॉपकॉर्न मांडीवर, खाली इंग्रजीत ओळी. मी कधीच पुढच्या बाजूला आले. आले आणि विसरले. तुम्ही तर पहिल्यापासून पुढंच होतात, तुम्हाला मागं कुणी आहे हेच माहीत नव्हतं. शोभा, तुला माहीत होतं का? विलास, तुला?

मग मी लिहिलं. जे तोंडाला आलं ते लिहिलं. ज्या पंच्याण्णवचे गोडवे गाताय ना, त्या पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर आपल्या वर्गातली किती बाकं रिकामी होती ते आठवतंय का? सर हजेरी घेताना ती नावं सोडून पुढं जायचे. नंतर नवीन हजेरीपट आला, त्यात ती नव्हतीच. तुम्हाला वाटलं असेल, वर्ग केवढा सुटसुटीत झाला! तुमचं सगळ्यांत भारी वर्ष ते माझ्या बहिणीचं शाळेचं शेवटचं वर्ष. खड्ड्यात गेलं तुमचं पंच्याण्णव.

ग्रुप गार पडला. मग विलासनं लिहिलं, "रंजना, भावना समजतात. पण बॅच म्हणजे दहावीची बॅच. कमलताई दहावीला नव्हत्या. एकाला घेतलं की सगळ्यांना घ्यावं लागेल." घ्या की मग सगळ्यांना! कोण नको म्हणतंय? कुणाच्या बापाचं पटांगण आहे? यावर दोन अंगठे आले आणि एक हात जोडलेला. बाकी सगळ्यांनी निळी खूण करून पुढचा दिवस सुरू केला.

आता खरं सांगते. एवढं बोलून झाल्यावर ड्युटीवर गेले, पेशंटचं बीपी घेतलं, आणि पट्टा गुंडाळताना वाटलं, तू कुणावर ओरडतेयस? विलासनं कुणाच्या काखेत कांदा धरला नव्हता. हसणारे हसले, चुकलेच, पण त्यांनी तिची जागा घेतली नाही. ती मी घेतली. माझ्या रागातला अर्धा राग माझा मलाच आहे आणि तो मी तुमच्यावर काढते, कारण तुम्ही फोनमध्ये आहात आणि सोयीचे आहात. पण म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. उरलेला अर्धा तुमचाच आहे.

चार दिवसांनी विलासचा फोन आला. आवाज एकदम मऊ. "रंजना, मधला मार्ग काढलाय. कमलताईंना आपण पाहुण्या म्हणून बोलवू. स्टेजवर बसवू, शाल-श्रीफळ देऊ, त्यांचा मान ठेवू." मला वाटलं, जिंकले! मी "बरं, चालेल" म्हटलं. वर थँक्यू म्हटलं. आणि लगेच आक्काला फोन लावला.

ती मेथीच्या जुड्या बांधत होती. फोन भिंतीला टेकवून ठेवला होता. मी आनंदानं सगळं सांगितलं, शालीपर्यंत. तिचे हात थांबले.

"पाव्हनी? मी?"

"अगं, मान देताहेत आक्का..."

"कोनाची पाव्हनी, रंजे? त्या शाळेच्या नव्या खोल्या बांधल्या तवा पाटीनं वाळू मी वाहिली. इलासच्या दुकानावरनं रोज टोपलं घिऊन जाती मी, त्याची बायकू माज्याकडनं कोथिंबीर घेती. मला समोर इचारायला त्याला तोंड न्हवतं? माज्याबद्दल बोलायला मस्कतला फोन लावतो? आन तू, तू 'चालंल' म्हनलीस?"

मी तिला इतकी रागावलेली कधी पाहिली नव्हती. ट्रकच्या वेळी नाही, कांद्याच्या वेळी नाही. मी म्हटलं, मी तुझ्यासाठीच भांडत होते गं.

"भांडलीस. लई भांडलीस. पर तुला वाटतं गाव तुजं हाय आन तू मला त्यात घेनारेस. मी हितंच हाय. हितनं रोज उठती, हितंच निजती. तू चार वर्सांनी यितीस, आठ दिस ऱ्हातीस, बाटलीतलं पानी पितीस. पाव्हनी तू हायस, रंजे. मी न्हाई."

मग जुडी बांधून पुरी केली, टोपल्यात टाकली आणि म्हणाली, "जानेवारीत ये. पाव्हनीला करतात तसं करून घालीन. पर माज्या नावाचं मी बघीन." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती टोपलं घेऊन विलासच्या दुकानात गेली. तिथं काय बोलली ते मला ती सांगत नाही आणि विलासही सांगत नाही. पण दहाच्या सुमाराला ग्रुपवर ती दिसली. तिच्यामागोमाग संध्याकाळपर्यंत आणखी सहा जण आले, त्या दिवाळीनंतर बाकावर न दिसलेले. एक जण अजून कोपीतच आहे, तिथून त्यानं हात हलवला. या वेळी कुणी हसलं नाही. वर्षाचं मतदान परत घ्यायचं ठरलं आहे.

काल विलासनं जेवणाच्या अंदाजासाठी नावांची यादी टाकली. तिच्यात दोन रकाने आहेत: गावातले, आणि बाहेरून येणारे. गावातल्यांत पहिलंच नाव आक्कानं स्वतःचं घातलं आहे, सासरच्या आडनावासकट. मी गेली सोळा वर्षं मस्कतमध्ये कुणीही विचारलं, घर कुठं, की "तिसगाव" सांगते. पासपोर्टावर तेच आहे. यादी तासभर उघडी ठेवून बसले. मग माझं नाव बाहेरून येणाऱ्यांत लिहिलं आणि 'राहण्याची सोय हवी का' याच्यापुढं लिहिलं: नको, बहिणीकडं पाहुणी आहे.