एका धंद्याला एक खुर्ची

आमच्या क्लबात एका धंद्याला एकच खुर्ची होती. डॉक्टर एक, वकील एक, दंतवैद्य एक, ट्रान्सपोर्टवाला एक, नमकीनवाला एक. दुसरा नमकीनवाला कितीही सज्जन असला, त्याची शेव कितीही खमंग असली, तरी पहिला धंदा सोडत नाही तोवर त्याला प्रवेश नाही. समाजाची सेवा करायची तर प्रत्येक धंद्याचा माणूस हवा, पण एकाच धंद्याची भाऊगर्दी नको, असा त्यामागे विचार होता. हा नियम नसता तर इंदूरमधला कुठलाही क्लब दोन वर्षांत नमकीनवाल्यांचा संघ झाला असता, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मी कापड मिलच्या खुर्चीवर होतो. वीव्हिंग मास्टर, म्हणजे विणाई खात्याचा प्रमुख. क्लबात मला सगळे मास्टरसाब म्हणायचे. त्यामुळे मी शाळेत शिकवतो असं नव्या सदस्यांना वाटायचं आणि माझं वागणं बघून तो समज पक्का व्हायचा, कारण मी क्लबाचा शिस्तप्रमुखही होतो. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला एका धर्मशाळेच्या वरच्या हॉलमध्ये सभा भरायची. घंटा, प्रार्थना, वाढदिवसाच्या शुभेच्छा, कामकाज, कचोरी. उशिरा आला, दंड. बिल्ला विसरला, दंड. कुणाचं भाषण चालू असताना शेजाऱ्याशी प्लॉटचे भाव बोलला, दंड. अध्यक्ष ट्रान्सपोर्टवाले होते. त्यांना मी पाहुण्यांच्या भाषणात झोपल्याबद्दल दंड केला होता. ते म्हणाले, "मैं तो सोच रिया था." मी म्हणालो, विचार करताना माणूस घोरत नाही. नियमांची पुस्तिका मला तोंडपाठ होती. बाकीच्यांना ती कुठे ठेवली आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

या नियमांपायी मी एका माणसाला घालवलाही होता. टायपिंग क्लासच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी टाइपरायटर विकून कॉम्प्युटरचा क्लास काढला. मी भर सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, यांचा धंदा राहिला नाही, सबब खुर्चीही राहिली नाही, नव्याने अर्ज करा. ते चिडून गेले ते परत आलेच नाहीत. त्यांचा क्लास पुढे तीन मजली झाला. मला मात्र कर्तव्य केल्याचं समाधान मिळालं, आणि ते कुणाला भाड्याने देता येत नाही.

मग आमची मिल बंद पडली. त्याच आठवड्यात क्लबात एका बँक अधिकाऱ्याचं व्याख्यान होतं: उदारीकरण आणि नव्या संधी. जो बदलणार नाही तो मागे पडेल, असं ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण टाळ्या न वाजवणाऱ्याला दंड होता.

पहिले काही महिने आम्ही सगळेच म्हणायचो की मिल परत चालू होईल. कुणी म्हणे सरकार घेणार, कुणी म्हणे अहमदाबादचा शेठ घेणार. क्लबात मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. वर्षाच्या यादीत माझ्या नावापुढे 'कापड मिल' छापून आलं आणि मी ते खोडलं नाही. दीड वर्ष गेलं. घरात बसून माझे सहा दिवस कसे जायचे ते मला विचारू नका. भाजी आणायची, पेपर जाहिरातींसकट वाचायचा आणि बायकोच्या कामात चुका काढायच्या. पण गुरुवारी पाचपासून मी माणसात यायचो. त्या हॉलमध्ये मी गेल्याशिवाय सभा सुरू होत नसे. मला त्या खुर्चीची गरज होती, हे आज सांगायला लाज वाटत नाही. तेव्हा वाटली असती.

अशात अध्यक्षांनी विषय काढला की मिलवाल्यांच्या कुटुंबांसाठी काहीतरी केलं पाहिजे. घरातल्या बायकांना शिलाई मशीनं द्यावीत असं ठरलं. बोलताना सगळे माझ्याकडे न बघण्याची इतकी काळजी घेत होते की मानेला रग लागावी. मी गंभीरपणे मान डोलावली, जणू मिलवाले म्हणजे कुठल्या परक्या गावचे लोक.

पैसा कसा उभा करायचा यावर चार गुरुवार गेले. अध्यक्षांना ऑर्केस्ट्रा हवा होता, कारण त्यांना स्वतःला दोन गाणी म्हणायची होती. दंतवैद्यांनी मोफत दातांचं शिबिर सुचवलं. मी विचारलं, मोफत शिबिरातून निधी कसा जमणार? ते म्हणाले, जागृती तर जमेल. शेवटी नमकीनवाले उठले. "भिया, इंदौरवाला गाना सुन के ताली देगा, दाँत दिखा के धन्यवाद देगा. जेब में हाथ तो वो खाने के टाइम ही डालता हे." लालबागेच्या मैदानावर तेव्हा मेळा भरणार होता. तिथे भुट्ट्याच्या किसाचा स्टॉल लावायचं एकमताने मंजूर झालं.

स्टॉल पाच दिवस चालला. वकील मक्याची कणसं किसत होते, अध्यक्ष कढईपुढे घामाघूम झाले होते आणि मी रांग लावत होतो. रांगेत कीस खायची इंदूरकरांना सवय नाही. एक बाई मला म्हणाल्या, "भाईसाब, खिला रिये हो के राशन बाँट रिये हो?" सदस्यांचे नातेवाईक 'सेवाभावाने' येऊन चाखून जात होते, तेही मी बंद केलं. तरी सात मशीनांपुरती रक्कम जमली आणि अध्यक्षांच्या दोन्ही गाण्यांपासून शहर वाचलं.

आता मशीनं द्यायची कुणाला? आम्ही अर्ज मागवले. इथे माझ्या शिस्तीला बहर आला. मी तीन अटी घातल्या. लिफाफे सभेतच फोडायचे. अर्ज मोठ्याने वाचायचा. आणि नाव सगळ्यात शेवटी वाचायचं, म्हणजे कुणाची तरफदारी नको. चौथी अट पुस्तिकेतच होती: क्लबाच्या कामाचा लाभ सदस्याच्या नातेवाइकाला मिळणार नाही.

त्या गुरुवारी हॉल भरला होता. तिसराच अर्ज दंतवैद्यांच्या वहिनींचा निघाला. दंतवैद्यांचे भाऊ खरंच मिलमध्ये होते, गरजही खरी होती. पण मी नियम वाचून दाखवला आणि अर्ज बाजूला ठेवला. दंतवैद्य म्हणाले, "मास्टरसाब, थोड़ा तो देखो यार." मी म्हणालो, नियम को आँख नहीं होती. हे वाक्य मला फार आवडलं. लोकांनी टाळ्या दिल्या आणि मी पुढचा लिफाफा फोडला.

अक्षर कुणा शाळकरी मुलीचं होतं, गोल आणि नेटकं. मी खणखणीत आवाजात वाचू लागलो. बाई दीड वर्षापासून शेजारणीच्या मशीनवर दुपारी साड्यांना फॉल-पिको करतात. शेजारीण आता मुलाकडे भोपाळला राहायला जाणार, मशीन बरोबर नेणार. ती गेली की काम बंद आणि घर त्याच कामावर चालतं. पुढचा रकाना होता, पतीचा व्यवसाय. त्यात लिहिलं होतं: घर पर रहते हैं.

हॉलमध्ये हशा पिकला. नमकीनवाले म्हणाले, "लो, औरत सिलाई करे और साब घर पे रेते हें!" मलाही चेव आला. मी म्हणालो, हा गृहस्थ आपल्या क्लबात असता तर मी त्याला दर गुरुवारी दंड केला असता. पुन्हा हशा झाला. मग मी शेवटची ओळ वाचायला घेतली.

नाव माझ्या बायकोचं होतं. पत्ता माझा होता. दुपारी ती शेजारी गप्पा मारायला जाते असं मी दीड वर्ष समजत होतो. इतका वेळ कसल्या गप्पा मारता, म्हणून दोनदा ओरडलोही होतो. पगार थांबूनही घरात दूध कसं येतं हा प्रश्न मला पडला नव्हता, असंही नाही. पडला होता. पण तो विचारला की उत्तर ऐकावं लागलं असतं.

अध्यक्षांनी कागद माझ्या हातातून घेतला, पुढच्या रांगांना ऐकू जाईल असं नाव वाचलं आणि हळूच म्हणाले, "पास समझो, मास्टरसाब. आगे चलो. नियम-वियम अपन देख लेंगे."

"देख लेंगे?" दंतवैद्य उठले. "और मेरी भाभी का?"

बरोबरच होतं त्यांचं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्या नजरांत कीव होती. कीव मला कधीच सहन झालेली नाही, फुकटची तर मुळीच नाही. सदस्य राहायचं तर बायकोचं मशीन गेलं, आणि मशीन हवं तर गुरुवार गेला. मला जे वाटलं ते लिहितो: पहिल्यांदा मला बायकोचा राग आला. मग मिलचा, मग त्या बँक अधिकाऱ्याचा. राग करायला माणसं संपली तेव्हा मी पुस्तिका उघडली.

"सदस्य का धंधा न रहे तो खुर्ची नहीं रहती," मी वाचून दाखवलं. "मिल बंद है. मेरा धंधा रहा नहीं, ये अर्ज़ में लिखा भी है. धंधा नहीं तो मैं सदस्य नहीं, और सदस्य नहीं तो ये किसी सदस्य की रिश्तेदार नहीं. अर्ज़ चलेगा."

दंतवैद्य बोटांवर काहीतरी मोजत होते. "एक मिनिट," ते म्हणाले. "मिल तो डेढ़ साल से बंद हे. मतलब आप डेढ़ साल से सदस्य ही नहीं. तो हमको इतने जुर्माने किसने ठोके?"

हॉल असा हसला की खालून धर्मशाळेचा मॅनेजर वर आला. अध्यक्ष म्हणाले, "मेरा सोने वाला दंड भी वापस!" मी म्हणालो, दंड लावणारा चुकीचा असेल, पण झोप खरी होती. सात मशीनांची यादी मंजूर झाली. सगळे म्हणाले, पाहुणे म्हणून दर गुरुवारी येत जा. पाहुण्याला वर्षातून तीनदाच येता येतं, हे त्यांना मलाच सांगावं लागलं. जिना उतरताना दंतवैद्य माझ्या बरोबर आले. त्यांनी मला स्कूटरवरून घरापर्यंत सोडलं.

घरी बायको गुलाबी साडी मांडीवर घेऊन हाताने फॉल टाचत बसली होती. मी बूट न काढताच उभा राहिलो.

"मशीन मिळालं तुला," मी म्हणालो.

तिने वर बघितलं. "आणि तुम्ही?"

"मी सुटलो क्लबातून. मला आधी विचारायचं तरी!"

"विचारलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही नियम सांगितला असता."

सणसणीत उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण जिभेवर खरोखर नियमच आला होता. मी तोंड मिटलं आणि तिच्यासमोर सतरंजीवर बसलो. साडीचं दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं, ते उचलून उजेडात धरलं. काठ एका जागी तिरका गेला होता. ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, ताण बिघडला की असा जातो.

"हा माल कुणी पास केला?" मी म्हणालो. "आमच्या खात्यातून ही साडी बाहेर पडली नसती."

"धरा नीट," ती म्हणाली. "उद्या अकराला द्यायची आहे."