रविवारी येणारा जावई

माझा नवरा डॉक्टर नव्हता. हे माझ्या वडिलांना लग्नानंतर चार वर्षांनी कळलं.

मला आधीपासून माहीत होतं. बघायला आले तेव्हाच ह्यांनी हळूच सांगितलेलं, मी ब्रदर आहे. म्हणजे नर्सच, फक्त पुरुष.

मी म्हटलं, बाबांना एवढ्यात सांगू नका. मला तुम्ही पसंत आहात.

बाबांच्या कानावर होतं, "मुलगा हॉस्पिटलात आहे." आमच्या आगाशी गावात तेवढं पुरे. हॉस्पिटलात आहे म्हणजे डॉक्टरच.

लग्नानंतर माहेरी गेलो की लाइन लागायची. कोणाचं पोट, कोणाचा गुडघा. हे बिचारे सांगायचे, अहो मी डॉक्टर नाही. लोक म्हणायचे, बघा, किती साधा माणूस.

मी तोंडात पदर धरून आत पळायचे.

मग एक दिवस बाबा वाडीत केळींना पाणी लावताना घसरले. खुबा मोडला.

वसई ईस्टला ह्यांच्याच हॉस्पिटलात आणलं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी डोळे उघडले, तर समोर डॉक्टर जावई. हातात शेजारच्या पेशंटचं लघवीचं भांडं.

बाबांनी मला जवळ बोलावलं. विचारलं, जावईबापू भांडं का उचलतायत?

मी म्हटलं, कारण ते त्यांचं काम आहे.

बाबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. पण खोटं बोलल्याचा राग नव्हताच त्यांना. दुःख वेगळंच होतं.

"ज्याचे पाय मी ताटात धुतले, त्याला माझं गूमूत काढायला लावू? मेलो तरी नाय."

आणि खरंच नाही लावू दिलं. सिस्टर मुलींची लाज. मला तर जवळ येऊ द्यायचे नाहीत. वॉर्डातला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, रिकामा होईल तेव्हा होईल, तोवर ओल्यात पडून राहायचे. कूस बदलायला ह्यांनी हात पुढे केला की कॉटची दांडी घट्ट धरायचे.

दोन दिवसांत पाठ लाल झाली.

ह्यांनी मला दाखवलं. म्हणाले, "उद्या इथली कातडी फाटेल. मग ऑपरेशन चांगलं झालं तरी काय उपयोग. म्हातारी माणसं हाडाने नाही जात, ह्या जखमेने जातात."

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. माझ्या मस्करीपायी बाप जातो की काय.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे आले ते थेट कॉटपाशी उभे राहिले. घरी हे त्यांना बाबा म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले,

"काका, मी सुधाकर ब्रदर. सकाळची ड्युटी माझी आहे. तुमचा जावई रविवारी येईल, व्हिजिटिंगच्या टायमाला. त्याला काय मान द्यायचा तो तेव्हा द्या. आता आपण कूस बदलू."

बाबांचा दांडीवरचा हात सुटला.

"ब्रदर, पानी गरम आहे ना?"

"कोमट आहे काका. आधी तोंड पुसतो. मग पाठ. थोडं दुखेल, सांगून करतो."

तेव्हा मी ह्यांचं काम पहिल्यांदा बघितलं. चार वर्षं ह्यांचे डबे भरले, पण काम नव्हतं बघितलं. प्रत्येक गोष्ट सांगून करायचे. आता थंड लागेल. आता उचलतोय. चादर एवढीशीच बाजूला, पुसून झालं की लगेच झाकायची. बाबांना लाजायला वेळच नाही मिळाला.

आमच्याच नात्यातले लोक नंतर बोलले, पुरुष असून हे कसलं करिअर. मी म्हणायचे, एकदा आडवे पडा, मग सांगते.

रविवारी हे आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मोसंबी. बाबांनी मला ऑर्डर सोडली, जावईबापूंना खुर्ची दे, चहा सांग. मग विचारतात, कामकाज बरं आहे ना? हे म्हणाले, तुमच्या आशीर्वादाने.

सोमवारी पाठ पुसून घेताना बाबा त्याच माणसाला सांगतायत,

"काल जावई आलेला. मानूस चांगला, पन बोलत नाय फारसा. तुमच्यासारखा नाय."

हे म्हणाले, "जाऊ द्या काका, त्याला घरी बोलायला चान्स मिळत नसेल."

मी हसायला बाहेर पॅसेजमध्ये गेले.

पाठीचा लालपणा गेला. जखम झाली नाही. डिस्चार्जच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म आला. बाबांनी सांगायचं, मी लिहायचं. मी सातवी पास, अक्षर मोठं मोठं.

"लिही. ब्रदर फार चांगला आहे. ह्यालाच जावई करून घ्यायला पायजे होता."

मी तसंच लिहिलं. ऑफिसातल्या मॅडमनी ह्यांना बोलावून गंभीरपणे विचारलं, तुमचं लग्न झालंय हे पेशंटच्या नातेवाइकांना माहीत आहे ना?

ह्यांनी रिटायर होईपर्यंत हजारो पाठी पुसल्या असतील. नवीन मुलामुलींना शिकवलं, पेशंटला आधी सांगा, मग हात लावा.

आणि स्वतः? गेल्या वर्षी आजच्याच दिवशी आचोळ्याच्या आमच्या घरात चहा पिऊन खुर्चीत बसले, ते बसल्या बसल्याच गेले.

मला एकदाही तुमची कूस बदलू दिली नाही. पाणी कोमट करायला नाही, तोंड पुसायला नाही. सगळं बघून बघून शिकले होते मी. एवढं एक चुकलंच तुमचं.

बाकी माझी काही तक्रार नाही. सुखाने राहिले तुमच्याबरोबर, आताही बरी आहे.

सुधाकर ब्रदर, तुमच्या हाताखालून बरे होऊन घरी गेलेल्या सगळ्यांतर्फे तुम्हाला नमस्कार.

आणि बायकोतर्फे, मनापासून श्रद्धांजली.